आडनाव गाळून छापलेली यशोगाथा

आमच्या मासिकाचं दरपत्रक अजून माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. मागचं मुखपृष्ठ ६,००० रुपये, आतलं पूर्ण पान २,५००, अर्धं पान १,५००. सगळ्यांत खाली एक ओळ आहे: ‘यशोगाथा, दोन पानं, फोटोसह, ४,०००.’ म्हणजे वाचक ज्याला लेख समजून वाचत होते, ती जाहिरात होती. मी समाजशास्त्रात पीएचडी करतो आणि १७ महिने मी हे विकत होतो.

नांदेडहून मी आणि माझा एक मित्र छोट्या व्यावसायिकांसाठी मराठी मासिक काढायचो. प्रती १,०००, वर्गणीदार ३०० च्या वर कधी गेले नाहीत. कर्ज कसं मागायचं, उद्यम नोंदणी कशी करायची, जीएसटीचा परतावा कधी भरायचा, असा मजकूर असायचा. पण छपाईचं बिल निघायचं ते यशोगाथांवर. तिचा साचाही ठरलेला होता. हलाखीचं बालपण, आईचे कष्ट, एक धाडसी निर्णय, आज ‘एवढ्या हातांना काम’. शेवटी तरुणांना संदेश.

नवव्या अंकासाठी मसाला कांडपाचा व्यवसाय करणाऱ्या एका काकांकडे गेलो. आपलेच. दोन यंत्रं, पाच बाया कामाला, तीन तालुक्यांत माल जातो. सगळं बोलून झाल्यावर त्यांनी चहा सांगितला आणि म्हणाले, “बाळा, फोटो छाप, गाव छाप. आडनाव तेवढं गाळ.”

पाकिटावरही त्यांचं आडनाव नव्हतं. एका देवीचं नाव होतं. घरात बाबासाहेबांचा फोटो आणि पाकिटावर देवी. मी काही विचारलं नाही, तेच म्हणाले, “तिखट-मिठाचा धंदा आहे. लोक हाताला आलेलं खातात का हात बघून खातात, तुला काय सांगायचं?”

मी आडनाव गाळलं. शीर्षक दिलं, ‘जिद्दीला जात नसते’. हे शीर्षक माझं आहे, आणि मला त्याची आजही लाज वाटते.

‘नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. पदवीदान समारंभात ऐकलं असेल, बँकेच्या मेळाव्यात ऐकलं असेल. आता तर १४ एप्रिलच्या मंचावरूनही ऐकू येतं. सरकारी जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवल्या जातात, उरलेलं काम ठेकेदाराकडे जातं, ठेकेदाराच्या माणसांत आरक्षण पाळलं जात नाही. आणि नेमकं तेव्हाच आपल्याला धाडस शिकवलं जातं. ज्यांच्या आजोबांची पेढी होती त्यांच्या पोरांना हे भाषण कुणी देत नाही. त्यांनी एमबीए करून बापाच्या गल्ल्यावर बसायचं असतं, त्याला धाडस म्हणत नाहीत.

आता आमच्या मासिकाचं भांडवल कुठून आलं ते सांगतो. पहिल्या सहा अंकांचा कागद आणि छपाई माझ्या फेलोशिपमधून झाली. पुढचे अंक मित्राच्या वडिलांच्या पेन्शनवर निघाले. ते एसटीत मेकॅनिक होते. फेलोशिप सरकारी, एसटीची नोकरी राखीव जागेवरची. म्हणजे ‘नोकरीच्या मागे लागू नका’ असं छापणारं आमचं मासिक दोन सरकारी पगारांवर उभं होतं. आपल्याकडे जमीन नाही, बाजारात दुकान नाही, उधार देणारा मामा नाही. आपल्या घरात बीजभांडवल म्हणून जे काही कधी आलं, ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी पगारातून आलं. ती नोकरी काढून घ्यायची आणि वर उद्योजक व्हा म्हणायचं, याला मी फसवणूक म्हणतो.

बाबासाहेबांचा दाखला इथे हमखास दिला जातो: बघा, त्यांनी स्वतःचं पत्र काढलं. काढलं, पण हिशोबही बघा. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघालं तेव्हा ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, आणि शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले होते. ‘मूकनायक’ची जाहिरात छापायला ‘केसरी’ने पैसे घेऊनही नकार दिला. व्यवसायाच्या विद्यार्थ्यांना हा प्रसंग पहिल्याच दिवशी शिकवायला हवा. गिऱ्हाईक रोख पैसे घेऊन दारात उभं आहे, आणि दुकानदार म्हणतो, विकायचं नाही. बाजाराला फक्त नफा कळतो असं सांगणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

ते शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ मध्ये ‘मूकनायक’ बंद पडलं. १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ सुरू झालं. त्याचे रकानेच्या रकाने त्यांना एकट्याला लिहून भरावे लागत. पत्रावरच्या कर्जाचा प्रश्न त्यांनी अग्रलेखातून उघडपणे समाजापुढे ठेवला. १९२९ ला तेही थांबलं. त्या माणसाला धाडस कमी होतं का? जिद्द कमी होती का?

दुसरी बाजूही आहे, ती मी टाळत नाही. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची ‘डिक्की’ स्थापन केली. चंद्रभान प्रसाद यांच्यासारखे विचारवंत तर मांडत आले की बाजार जातीला खिळखिळं करतो. यात तथ्य आहे. गावातला सालगडी शहरात जाऊन गॅरेज टाकतो, तेव्हा त्याला रोज सकाळी कुणाच्या वाड्यासमोर उभं राहावं लागत नाही. हे लहान स्वातंत्र्य नाही. पण तो गॅरेज टाकतो त्यानंतर काय होतं? धंदा रोखीवर चालत नाही, उधारीवर चालतो. घाऊक व्यापारी कुणाला महिन्याची मुदत देतो आणि कुणाला ‘आधी पैसे’ म्हणतो, हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं. ते ओळखीवर ठरतं. आणि ओळख म्हणजे काय, हे आपल्याला समाजशास्त्राच्या पुस्तकातून शिकावं लागत नाही.

काकांना मिरची रोखीनं घ्यावी लागे आणि मसाला उधारीवर द्यावा लागे. एका मोठ्या किराणा दुकानानं त्यांचं बिल सात महिने थकवलं होतं. कायदा आहे ना. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार फार तर ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. सुविधा परिषदेत तक्रार करता येते. आम्ही हे दोन पानं भरून छापलं होतं, काकांनी वाचलंही होतं. “तक्रार करीन,” ते म्हणाले, “मग उद्यापासून माल कोण ठेवील?” हे दुसरं वाक्य आम्ही छापलं नाही, कारण ते दुकान आमचा जाहिरातदार होतं.

सरकारी योजनांचंही हेच. २०१६ ची ‘स्टँड अप इंडिया’ १० लाखांपासून १ कोटीपर्यंत कर्ज देणार होती. त्यात स्वतःचा वाटा आधी २५ टक्के होता, २०२१ च्या अर्थसंकल्पात तो १५ वर आला. १० लाखांच्या प्रकल्पातही दीड लाख उभे करावे लागत. पुन्हा प्रश्न पगाराचाच. केंद्राच्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या छोट्या उद्योगांकडून ४ टक्के खरेदीचं उद्दिष्ट २०१२ पासून आहे. प्रत्यक्ष खरेदी वर्षानुवर्षं त्याच्या खूप खाली राहिली. चुकवणाऱ्या एकाही खात्याची यशोगाथा कुणी छापत नाही.

मासिक बंद झालं तेव्हा आमच्यावर छापखान्याचं ३८,००० रुपये कर्ज होतं. मित्रानं शिकवण्या घेऊन निम्मं फेडलं, मी फेलोशिपमधून निम्मं. छापखानेवाल्यानं आम्हाला कधी उधारी दिली नव्हती, फक्त शेवटचे तीन अंक दिले, तेही मित्राच्या वडिलांचं पेन्शनचं पासबुक बघून.

गेल्या महिन्यात मित्राचा फोन आला. पुन्हा सुरू करू म्हणतो, चार पानीच काढू, पीडीएफ व्हॉट्सअॅपवर पाठवू. मी एकच अट घातली. यशोगाथा नाही. त्या जागी दर महिन्याला एका धंद्याची उधारीची वही: कच्चा माल कोण रोखीनं देतं, कोण मुदतीनं, बिल किती दिवसांनी मिळतं, जागा भाड्यानं मागितली तेव्हा मालकानं आधी काय विचारलं. नावं द्यायची की नाही हे ज्याची वही आहे तो ठरवेल.

पहिल्या अंकासाठी काकांना विचारलं आहे. वही दाखवायला ते तयार आहेत. आडनावाचं अजून सांगितलेलं नाही.