तबकडीवरची पुष्पिका : रूडी व्हॅन गेल्डर आणि जॅझचे दफ्तर (थ्रेड)

जॅझच्या जुन्या एलपी तबकडीवर खाचा संपतात आणि मधले कागदी लेबल सुरू होते, त्या दरम्यानच्या कोऱ्या पट्टीत कधी कधी तीन अक्षरे कोरलेली आढळतात : आर. व्ही. जी. पोथीच्या अखेरीस लेखनिकाने आपले नाव घालावे, तशी ही पुष्पिका. पोथीच्या अभ्यासकाला लेखनिकाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. त्याच्या हातून झालेले पाठभेद हाच अभ्यासाचा विषय असतो. जॅझचे इतिहासकार मात्र वादकांची चरित्रे लिहितात आणि ध्वनिमुद्रकाला ऋणनिर्देशात ठेवून मोकळे होतात.

रूडी व्हॅन गेल्डर (१९२४–२०१६) हा व्यवसायाने नेत्रतपासनीस. न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथे त्याच्या आईवडिलांनी घर बांधले, तेव्हाच दिवाणखान्याला लागून काचेच्या खिडकीची एक नियंत्रण-खोली काढली गेली. दिवसा चष्म्याचे नंबर काढायचे, त्या मिळकतीतून मायक्रोफोन व यंत्रे घ्यायची आणि उरलेल्या वेळात दिवाणखान्यात वादकांना बसवायचे, असा त्याचा क्रम १९५९ पर्यंत चालला. ब्लू नोट, प्रेस्टीज, सॅव्हॉय या कंपन्यांना त्याने आठवड्यातले निरनिराळे वार वाटून दिले होते. थेलोनियस मंकने तर आपल्या एका रचनेचे नावच ‘हॅकेनसॅक’ ठेवले.

बर्लिनहून आलेल्या आल्फ्रेड लायनची ब्लू नोट ही कंपनी १९५३ पासून त्याच्याकडे येऊ लागली. पुढे ‘ब्लू नोटचा आवाज’ म्हणून जो प्रसिद्धीस आला, तो बऱ्याच अंशी या खोलीचा आणि या माणसाच्या कानाचा आवाज आहे. वाद्य श्रोत्याच्या अगदी निकट आलेले, झांजेचा प्रत्येक आघात सुटा, सॅक्सोफोनच्या स्वराला जवळजवळ स्पर्श करता येईल असे. जॉन कोल्ट्रेनचे ‘ब्लू ट्रेन’ (सप्टेंबर १९५७) इथलेच.

सारे श्रेय त्याच्या पदरात टाकणे मात्र अन्यायाचे होईल. ब्लू नोट वादकांना तालमीचेही पैसे देत असे. प्रेस्टीजमध्ये तशी पद्धत नव्हती. तोच दिवाणखाना, तोच ध्वनिमुद्रक, पण एकीकडे बांधीव रचना, तर दुसरीकडे ऐन वेळी जमलेली मैफल. माइल्स डेव्हिसला प्रेस्टीजचा करार संपवायचा होता; १९५६ च्या मे आणि ऑक्टोबरमधील अवघ्या दोन दिवसांत त्याने चार एलपींना पुरेल एवढा ऐवज इथे वाजवून दिला. साधनाचे अर्थकारणही साधनात उमटते, ते असे.

आता आक्षेपाकडे. चार्ल्स मिंगसने १९६० मध्ये जाहीरपणे सांगितले की हा गृहस्थ वादकांचे स्वर बदलू पाहतो. वादकाला मायक्रोफोनपुढे कसे उभे करतो यावरच सारा आवाज पालटतो. म्हणून आपण त्याच्याकडे जात नाही. व्हॅन गेल्डरचे चाहते हे मिंगसच्या तापट स्वभावावर ढकलून देतात. ते योग्य नाही. पियानोचा आवाज डब्यात कोंडल्यासारखा येतो, ही तक्रार आजही अनेक जाणकार करतात. मिंगसने साधनचिकित्सेचा मूळ प्रश्नच विचारला होता : आपण ऐकतो तो स्वर वादकाचा किती आणि लेखनिकाचा किती?

या प्रश्नाचे उत्तर देणे व्हॅन गेल्डरने स्वतःच अवघड करून ठेवले. यंत्रे हाताळताना तो हातमोजे घाली. दुसऱ्याने मायक्रोफोनला हात लावलेला त्याला खपत नसे. छायाचित्र घ्यायचे झाले तर मायक्रोफोन मूळ जागेवरून हलवून ठेवी. व्यवसायातले गुपित राखण्याचा हक्क त्याला होता, हे खरे. पण त्याने तंत्राची जी वही उघडली नाही, तिची उणीव इतिहासाला कायम भासणार.

१९५९ मध्ये तो जवळच्याच एंगलवुड क्लिफ्समधील नव्या स्टुडिओत गेला. सुमारे ३९ फूट उंचीचे, लाकडी कमानींनी तोललेले ते छत पाहून अनेकांना प्रार्थनास्थळ आठवले. ९ डिसेंबर १९६४ रोजी कोल्ट्रेन, मॅकॉय टायनर, जिमी गॅरिसन आणि एल्विन जोन्स यांनी ‘अ लव्ह सुप्रीम’ याच छताखाली वाजवले.

१९९९ पासून ब्लू नोटसाठी त्याने स्वतःच्याच जुन्या मुद्रणांचे डिजिटल संस्करण पुन्हा केले. वादकांना कसे ऐकू यायचे होते ते आपल्याला स्मरते, अशी त्याची भूमिका होती. जुन्या तबकड्यांचे संग्राहक नाराज झाले. पण लेखनिकाने चाळीस वर्षांनी स्वतः शुद्ध केलेली प्रत आणि त्याचीच पहिली प्रत यांत प्रमाण कोणती, हे आवडीनिवडीवर ठरवता येणार नाही. दोन्ही प्रती आपापल्या सालासह नोंदवल्या गेल्या पाहिजेत, आणि सूचीत वादकांच्या यादीशेजारी ध्वनिमुद्रकाचे नाव व स्थळही आले पाहिजे.

ज्यांना हे अतिरंजित वाटेल, त्यांनी माइल्स डेव्हिसचे १९५६ चे ‘वर्किन’’ ऐकावे आणि लगेच कोलंबिया कंपनीने १९५५–५६ मध्ये न्यूयॉर्कला मुद्रित केलेले ‘राउंड अबाउट मिडनाइट’. वादक तेच पाच, काळ तोच. फिली जो जोन्सच्या झांजेकडे तेवढे लक्ष ठेवावे.