आकाशपाळणा आणि त्याखालची जमीन

लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर १३५ मीटर उंचीचे एक प्रचंड चक्र गेली पंचवीस वर्षे फिरत आहे. ‘लंडन आय’ हे त्याचे नाव. जत्रेतील आकाशपाळण्याशी त्याचे नाते उघड आहे. पण जत्रेतला पाळणा पोटात गोळा उठवण्यासाठी असतो, तर येथे काचेच्या कक्षात उभ्या असलेल्या माणसाला आपण वर चढत आहो याचीही फारशी जाणीव होत नाही. एकंदर ३२ कक्ष, प्रत्येकात जास्तीत जास्त २५ माणसे आणि एका फेरीस सुमारे अर्धा तास. गती इतकी मंद की, प्रवाशांच्या चढउतारासाठी चक्र एरवी थांबवावेही लागत नाही.

या चक्राची जन्मकथा मोठी उद्बोधक आहे. नव्या सहस्रकाच्या स्मारकासाठी १९९३ मध्ये एक स्पर्धा झाली. तीत कोणीच विजयी ठरले नाही. डेव्हिड मार्क्स आणि ज्युलिया बारफील्ड या वास्तुविशारद दांपत्याने मात्र आपली कल्पना सोडली नाही. चक्राचे भाग नदीतून आणून पाण्यावरच आडवे जोडण्यात आले. सप्टेंबर १९९९ मध्ये ते उभे करण्याचा पहिला प्रयत्न फसला, पुढच्या महिन्यात साधला. ३१ डिसेंबर १९९९ रोजी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी उद्घाटन केले खरे. परंतु यंत्रातील दोषामुळे सामान्य प्रवाशांना त्यात बसायला मार्च २००० उजाडला. उद्घाटन आधी आणि उपयोग सवडीने, ही रीत केवळ आपल्याकडचीच आहे असे मानणाऱ्यांना यातून थोडा दिलासा मिळावा.

स्थापत्याचे हे कौतुक रास्तच आहे. तथापि, चक्राकडे पाहून झाल्यावर त्याच्या शेजारच्या भव्य दगडी इमारतीकडेही पाहिले पाहिजे. ‘काउंटी हॉल’ ही एके काळी लंडनच्या लोकनियुक्त कारभाराची वास्तू. १९८१ पासून केन लिव्हिंग्स्टन यांच्या नेतृत्वाखाली ‘ग्रेटर लंडन कौन्सिल’ मजूर पक्षाच्या हाती होती. त्या काळात या इमारतीच्या माथ्यावर एक भलामोठा फलक झळकत असे. लंडनमधील बेकारांची संख्या त्यावर लिहिलेली असे, आणि नदीपलीकडच्या पार्लमेंटमधील सत्ताधाऱ्यांना ती टाळू म्हटले तरी टाळता येत नसे. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८६ मध्ये कौन्सिलच बरखास्त केली, आणि त्यानंतर २००० सालापर्यंत एवढ्या मोठ्या राजधानीला स्वतःचे असे एक लोकनियुक्त शासन राहिले नाही. इमारत एका जपानी कंपनीला विकण्यात आली. तेथे हॉटेले आणि मत्स्यालय आले. ज्या तीरावरून राज्यकर्त्यांना बेकारांचा हिशेब दाखवला जाई, त्याच तीरावरून आज पर्यटक त्याच पार्लमेंटची छायाचित्रे घेतात. चक्राने हा बदल घडवला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. तयार झालेल्या पोकळीत ते येऊन उभे राहिले इतकेच.

जमिनीचा प्रश्न पुढे २००५ मध्ये उघड्यावर आला. चक्राचा काही भाग ज्या जागेवर टेकला आहे, ती ‘साउथ बँक सेंटर’ या कलासंस्थेच्या ताब्यात होती. संस्थेने वर्षाला ६४ हजार पौंडांचे भाडे १० लाखांवर नेण्याची मागणी केली आणि जागा सोडण्याची नोटीसही दिली. तोवर महापौर झालेले लिव्हिंग्स्टन संतापले. जागा सक्तीने संपादन करण्याची भाषा त्यांनी केली. अखेर २००६ मध्ये २५ वर्षांचा करार झाला आणि भाडे ५ लाख पौंड ठरले. यात संस्थेला लोभी ठरवणे सोपे आहे. पण लाखो प्रवाशांच्या तिकिटांवर खासगी कंपनीने कमाई करावी आणि सार्वजनिक संस्थेने नाममात्र भाड्यावर समाधान मानावे, हा कोणता न्याय? संस्थेची मागणी अवाजवी असेल, तिचा प्रश्न अवाजवी नव्हता.

आणि तिकीट! १८९३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस यांनी उभारलेल्या पहिल्या महाचक्राचे तिकीट ५० सेंट होते, म्हणजे संपूर्ण प्रदर्शनाच्या प्रवेशमूल्याइतके. तेही काही स्वस्त म्हणता येणार नाही. आज लंडनच्या चक्रात चौघांच्या कुटुंबाला शंभर पौंडांच्या आसपास मोजावे लागतात. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या संसारात ही रक्कम लंडनमध्येही सहज खर्चण्याजोगी नव्हे.

तथापि याच लंडनची दुसरी बाजू अधिक अनुकरणीय आहे. प्रिमरोझ हिल आणि पार्लमेंट हिल या टेकड्यांवर कोणीही, कोणतेही मूल्य न देता, जाऊन बसावे आणि शहर न्याहाळावे. तेथून सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट दिसत राहावा म्हणून मधल्या पट्ट्यातील इमारतींच्या उंचीवर नियोजनाच्या नियमांनीच बंधन घातले आहे. नागरिकाच्या नजरेचा हक्क तेथे नकाशावर रेघ ओढून राखला जातो. त्या शहराने विकत मिळणारे दृश्य उभारले, ते फुकटचे दृश्य राखून.

महाराष्ट्रात हा विषय परका राहिलेला नाही. जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारने वांद्रे येथे लंडनच्या धर्तीवर ‘मुंबई आय’ उभारण्याचा मनोदय जाहीर केला. ते चक्र अद्याप उभे राहिलेले नाही. त्यामुळे विचाराला अवधी आहे. मलबार हिलवरील कमला नेहरू उद्यानातून मरीन ड्राइव्हचा वळसा शाळेच्या सहलीतली मुले पिढ्यान्‌पिढ्या पाहत आली आहेत. त्या वळशासमोर उद्या कोणती इमारत किती उंच जाणार, याचे उत्तर महापालिकेने आधी द्यावे. वांद्र्याच्या चक्राची उंची मीटरमध्ये सांगण्यापूर्वी किनाऱ्याची जमीन कोणाच्या नावे राहणार, भाडे कोणाच्या तिजोरीत पडणार आणि पालिका शाळेतल्या मुलाला तिकीट किती पडणार, हेही सांगण्यात यावे.