आधी गोळी कोणी झाडली?

एका गुत्त्यात दोन इसम टेबलाशी समोरासमोर बसलेले आहेत. एकाने दुसऱ्यावर पिस्तूल रोखले आहे. आधी गोळी कोणी झाडली? बस्स, प्रश्न एवढाच. आणि एवढ्याशा प्रश्नावरून अमेरिकेतली शहाणीसुरती, मुलाबाळांची माणसे १९९७ सालापासून एकमेकांशी हमरीतुमरीवर येत आहेत! वाचकहो, हसण्यापूर्वी प्रकरण काय आहे ते तरी ऐकून घ्या.

जॉर्ज लुकास यांचा ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत झळकला. ताऱ्यातारांवर पसरलेले एक जुलमी साम्राज्य, त्याविरुद्ध उठलेले मूठभर बंडखोर आणि काळ्या मुखवट्यातला डार्थ व्हेडर! घरातल्या मुलांना विचारा. ती सारी वंशावळ घडाघडा म्हणून दाखवतील. यात हॅन सोलो नावाचा एक तस्कर आहे. ग्रीडो नावाचा हिरव्या कातडीचा भाडोत्री मारेकरी त्याला गुत्त्यात गाठतो. हॅन त्याला बोलण्यात गुंतवतो, टेबलाखाली हळूच आपले पिस्तूल सोडवतो, त्याला बसल्या जागी आडवा करतो आणि गुत्तेवाल्याकडे नाणे भिरकावून चालू लागतो. असला हा आपमतलबी मनुष्य पुढे पैसे घेऊन निघून जातो आणि ऐन लढाईत मित्रासाठी परत फिरतो. त्या परत फिरण्याला मोल आले आहे ते गुत्त्यातल्या त्या गोळीमुळेच.

१९९७ साली लुकास यांनी चित्रपटाची ‘सुधारून वाढवलेली’ आवृत्ती काढली. तीत ग्रीडो आधी गोळी झाडतो. हातभर अंतरावरून या धंदेवाईक मारेकऱ्याचा नेम चुकतो आणि मग बिचारा हॅन आत्मरक्षणार्थ त्याला मारतो! २००४ च्या आवृत्तीत दोघांच्या गोळ्या जवळजवळ एकदमच सुटू लागल्या. २०१९ साली ग्रीडोच्या तोंडी ‘मॅक्लंकी’ असा एक अगम्य शब्द आला. एका खुनाची इतकी कथने देणाऱ्या साक्षीदाराला कोणत्याही न्यायाधीशाने कोर्टाबाहेर घालवले असते.

दुसरे उदाहरण मला अधिक बोचते. १९८३ च्या तिसऱ्या चित्रपटाच्या शेवटी व्हेडरचा शांत झालेला आत्मा दिसतो. ते काम सेबॅस्टियन शॉ या वृद्ध नटाने केले होते. २००४ साली तिथून शॉ यांना पुसून हेडन क्रिस्टेन्सन या तरुण नटाला उभे करण्यात आले. शॉ १९९४ सालीच वारले होते. तक्रार करणार कोण?

यावर ठरलेले उत्तर असे, की ज्याचे लेकरू त्याने त्याला हवे ते अंगडे घालावे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय त्याचे? युक्तिवाद दिसायला गोंडस आहे, पण तो पोकळ आहे. एक तर चित्रपट हे एकट्याचे लेकरू नव्हे. १९७७ च्या चित्रपटाला संकलनाचे आणि दृश्यचमत्कारांचे ऑस्कर मिळाले. ते ज्या हातांना मिळाले, त्यांच्याच कामावर पुढे संगणकाचा रंग फासला गेला. दुसरे असे, की मीही कादंबऱ्या लिहितो. एका कादंबरीचा शेवट मी दुसऱ्या आवृत्तीत बदलला. तो माझा हक्कच आहे. पण म्हणून मी गावोगावच्या वाचनालयांत जाऊन पहिल्या आवृत्तीच्या प्रती गोळा करत फिरलो नाही. ज्याला जुना शेवट आवडतो त्याने तो खुशाल वाचावा! लुकास यांनी मात्र २००४ साली बोलून दाखवले, की आपल्या लेखी तो जुना चित्रपट आता अस्तित्वातच नाही. २००६ साली जुने पाठ डीव्हीडीवर जोड म्हणून दिले, तेही १९९३ च्या लेसर डिस्कवरून उतरवलेले, धूसर. पाहुण्याला शिळी पोळी वाढून ‘तुम्हीच मागितली होती’ म्हणावे, तशातला प्रकार!

आणि हेच लुकास १९८८ साली अमेरिकन काँग्रेससमोर काय सांगत होते? कृष्णधवल चित्रपटांना रंग फासणाऱ्यांना त्यांनी रानटी ठरवले. पुढे मूळ निगेटिव्हे नाहीशी होऊन त्यांच्या जागी फेरफार केलेली येतील आणि समाजाचे मोठे नुकसान होईल, असा इशाराही दिला. इशारा खरा ठरला. तो खरा करणारे हात कोणाचे, एवढेच त्यांनी सांगितले नव्हते.

या चाहत्यांचीही मला सरसकट भलावण करायची नाही. ‘आमचे बालपण नासवले’ म्हणून गळा काढणारे त्यांच्यात पुष्कळ आहेत. आणि त्यांच्यातल्याच एकाने १९९९ च्या चौथ्या चित्रपटाला कात्री लावून आपली वेगळी आवृत्ती फिरवली होती. पण त्या कात्रीने मूळ चित्रपट कोणाच्या घरातून नाहीसा झाला नाही, हा फरक कसा विसरता येईल? शिवाय काही चाहत्यांनी १९७७ च्या जुन्या फिती मिळवून त्या उजळल्या. चित्रपट १२१ मिनिटांचा, सेकंदाला २४ चौकटी. म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास चौकटी झाल्या. हे काम कायद्यात बसत नाही, मान्य. पण ते करायची पाळी कोणी आणली? आपल्याकडे एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि त्यात आपली ओवी घालू पाहणाऱ्यांना चांगले खडसावले. नाथांची थोरवी या मंडळींना चिकटवण्याचा माझा इरादा नाही. कळकळीची जात मात्र तीच.

आज घरात छापील पुस्तक असले तर ते रात्रीतून बदलत नाही. तारेवरून घरात येणारा चित्रपट मात्र बदलतो, आणि कोणी सांगतही नाही; तो ‘मॅक्लंकी’ असाच आला. मुलांनी काल पाहिलेले आज खोटे ठरते, आणि बापाने शपथेवर सांगितले तरी पुरावा कुठून आणायचा?

जून २०२५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने आपल्या महोत्सवाचा पडदा १९७७ च्या मूळ फितीने उघडला. म्हणजे ‘अस्तित्वात नसलेला’ चित्रपट यंत्रावर चढला, फिरला आणि लोकांनी पाहिला. मग आमचे एवढेच म्हणणे आहे, की लोकांपुढे जसा आला तसा पाठ बाजारात ठेवा, आणि त्याच्या शेजारी सुधारलेलाही ठेवा. दाम दोन्हींचे मोजून घ्या. कोणी घासाघीस करणार नाही.