व्यापार आणि तंत्र : गोणीवरची चिठ्ठी

गोदामात माल रचणारा प्रत्येक गोणी उघडून पाहत नाही. वरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून तो ती जागेवर लावतो. संकेतस्थळावरील चित्रांचा व्यवहारही असाच चालतो. सर्व्हर प्रत्येक फाइलसोबत तिचा प्रकार सांगणारी एक ओळ ब्राउझरकडे पाठवितो. तिला ‘कंटेंट-टाइप’ म्हणतात. प्रकार लिहिण्याची ही रीत १९९२ मध्ये ई-मेलसाठी ठरविलेल्या ‘माइम’ या मानकातून आली.

सर्व्हर सहसा फाइलचे अंतरंग तपासत नाही. नावाच्या शेवटी जोडलेली अक्षरे पाहून तो आपल्या यादीतून प्रकार लिहितो. यादी अपुरी असली, की चिठ्ठी चुकते. जेपेग वा पीएनजी छायाचित्रांत ही चूक बहुधा झाकली जाते, कारण त्यांचे आरंभीचे ठराविक बाइट ओळखून ब्राउझर सावरून घेतो. एसव्हीजी ही मात्र मजकूररूपाने लिहिलेली आकृती असते आणि तिच्यात प्रोग्रामही दडविता येतो. म्हणून तेथे ब्राउझर अंदाज बांधीत नाही. परिणामी मालाची सर्व छायाचित्रे दिसतात आणि पेढीचे बोधचिन्ह तेवढे नाहीसे होते. ज्या चिन्हावरून ग्राहक पेढी ओळखतो, तेच पुसले जाते.

अशा वेळी तीच फाइल पुन्हा पुन्हा चढविणे व्यर्थ होय. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील ‘नेटवर्क’ विभागात त्या चित्राचा ‘कंटेंट-टाइप’ वाचावा. तेथे ‘इमेज/एसव्हीजी+एक्सएमएल’ऐवजी ‘टेक्स्ट/प्लेन’ आढळल्यास दोष सर्व्हरच्या यादीत समजावा. अपाचे सर्व्हरवर ‘ॲडटाइप’ची एक ओळ पुरते, इंजिनएक्सवर ‘माइम डॉट टाइप्स’ ही यादी जोडलेली आहे का, आणि तीत हा प्रकार आहे का, हे पाहावे लागते. त्यानंतर कॅशेमधील जुन्या प्रती काढाव्यात. अन्यथा दुरुस्तीनंतरही ग्राहकाच्या हाती जुनीच चिठ्ठी पडते.

काही जण बोधचिन्ह पीएनजीमध्ये बदलून वेळ मारून नेतात. चिन्ह दिसू लागते, पण यादी अपुरीच राहते. पुढे वेबपी वा एव्हीआयएफ या नव्या प्रकारांतील चित्र ग्राहक स्वतंत्रपणे उघडू जातो, तेव्हा ते दिसण्याऐवजी डाउनलोड होऊ शकते. वहीतील चूक ज्या नोंदीत झाली तेथेच दुरुस्त करावी, हा पेढीचा जुना शिरस्ता येथेही तितकाच लागू पडतो.