गोलंदाज

भीमेच्या काठी वडगाव रासाईत बाजरी निघून मोकळ्या झालेल्या रानात पोरं स्टम्प रोवून खेळत असतात. त्यांना विचारा, गोलंदाज म्हणजे कोण? ती बुमराहचं नाव घेतील. पोरांची चूक नाही. हा शब्द आपण तोफखान्याकडून उसना आणला, क्रिकेटला दिला आणि मूळ धन्याला परत करायचं विसरलो. आज एखाद्या म्हाताऱ्यानं 'मी गोलंदाज होतो' असं सांगितलं, तर पुढचा प्रश्न येईल, 'फास्ट की स्पिन?'

यंदाच्या अंकाचा विशेष विभाग त्या जुन्या गोलंदाजासाठी आहे. 28 सप्टेंबर 1827 रोजी कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत गोलंदाजांची एक तुकडी उभी राहिली. पुढे ती 5 (बॉम्बे) माउंटन बॅटरी म्हणून ओळखली गेली. भारतीय तोफखान्यातली ती सर्वांत जुनी तुकडी, आणि तोफखाना आजही 28 सप्टेंबर हाच 'गनर्स डे' म्हणून पाळतो. 2027 मध्ये तिला 200 वर्षं पूर्ण होतील. तेव्हा दिल्लीत, देवळालीत समारंभ होतील, टपाल खातं एखादं तिकीटही काढेल. आम्हाला त्याआधी गावाकडचं बोलायचं होतं.

कारण पुणे जिल्ह्याला तोफ काही कंपनीनं शिकवली नाही. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे. त्यांनी 1757 ते 1760 या काळात सोनोरीजवळ मल्हारगड बांधला. मराठ्यांनी बांधलेला तो शेवटचा किल्ला, म्हणजे आपल्या दुर्गबांधणीला पूर्णविराम दिला तो तोफखान्याच्या माणसांनी. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत जुन्नरकडे आंबेगव्हाणला तोफगोळ्यांचा कारखाना निघाला. 1779 च्या जानेवारीत इंग्रज फौज पुण्यावर चालून आली, तेव्हा भिवराव पानशांच्या तोफांनी तिला भाजून काढलं आणि वडगावला तिनं तह केला. ते मावळातलं वडगाव. रासाईच्या वडगावकरांना हे दर वेळी खुलाशानं सांगावं लागतं.

एवढं असूनही आपल्या बखरींत आणि पोवाड्यांत तलवार जितकी चमकते, तितकी तोफ धडाडत नाही. भाला आणि घोडा म्हणजे मर्दुमकी. तोफ म्हणजे कारखाना: बैल, दारू, लोखंड, हिशेब. पानिपतावर ज्याच्या तोफांनी सकाळचे काही तास गाजवले, त्या इब्राहिमखान गारद्याचं नाव निदान शिल्लक राहिलं. त्याच्या हाताखाली बत्ती लावणाऱ्यांचं तेवढंही नाही.

असईची लढाई घ्या. 23 सप्टेंबर 1803. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, संगिनींखाली जागेवर मेले. काही मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजांची रांग पुढे सरकल्यावर उठून त्यांनी तिच्या पाठीवर तोफा फिरवल्या. जिंकणाऱ्यांनीच हे कौतुकानं लिहून ठेवलंय. त्या लढाईत इंग्रजांच्या बाजूनं लढलेला कर्नल वॉलेस पुढे आपल्या शिरूरला होता. 1809 मध्ये तो तिथंच वारला. त्याच्या थडग्याला घोडनदीचे लोक सत्पुरुष मानून नव्या धान्याचा नैवेद्य दाखवत, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. गोऱ्या कर्नलाला आपण देव केलं याचा मला राग नाही. माणूस न्यायी असेल, लोकांनी मानला असेल. पण असईच्या तोफांवर मेलेल्या एकाही गोलंदाजाच्या नावानं आपण तांब्याभर पाणी ओतलेलं नाही, हेही त्याच नोंदीशेजारी लिहायला हवं.

त्याच शिरूरहून 31 डिसेंबर 1817 च्या रात्री निघालेली कंपनीची तुकडी सकाळी भीमा कोरेगावला पोचली. त्या दिवसावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं आणि बोललं जातं, ते योग्यच आहे. तुकडीबरोबर सहा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा होत्या आणि मद्रासच्या तोफखान्यातले वीस-पंचवीस गोलंदाज. संध्याकाळपर्यंत त्यांतले बहुतेक मेले किंवा जखमी झाले. एक तोफ हातची गेली आणि तिच्यासाठी हातघाईची लढाई होऊन ती परत घेतली गेली. तोफखान्यात निशाण नसतं, तोफ हेच निशाण. ती सोडून येणं म्हणजे तोंड काळं करून येणं. हा नियम दोनशे वर्षांपूर्वी होता आणि आजही आहे.

1857 नंतर इंग्रजांनी आपल्या हातातल्या तोफा काढून घेतल्या. खेचरावर लादायच्या डोंगरी तोफा तेवढ्या ठेवल्या, बाकी तोफखाना गोऱ्यांचा. बंदूक देऊ, पण तोफ देणार नाही! यापेक्षा सरळ कबुली कुठल्या राज्यकर्त्यानं दिली असेल? मैदानी तोफांची पहिली भारतीय तुकडी बंगळुरूला उभी राहायला 15 जानेवारी 1935 उजाडला. बारा वर्षांनी फाळणी झाली. तोफखान्याच्या साडेअठरा रेजिमेंट आपल्याकडे आल्या, साडेनऊ तिकडे गेल्या. त्या 'साडे'पाशी मी दर वेळी अडखळतो. अर्धी रेजिमेंट म्हणजे एकाच पंगतीत जेवणारी माणसं दोन देशांत. शिकवण्याची शाळा पूर्वी काकुलला होती, ती फाळणीआधीच देवळालीला आली होती, आणि नाशिक रोड कॅम्प ही शिरूर-दौंडच्या पोरांच्या घरात रोजच्या बोलण्यातली जागा झाली.

भीमेपलीकडे, दौंड तालुक्यात, माझे एक मामा राहतात. कारगिलच्या वेळी ते द्रासला बोफोर्सवर होते. दिवाळीत दारात सुतळी बॉम्ब फुटला तरी दचकत नाहीत. शूर आहेत म्हणून नव्हे, ऐकू येत नाही म्हणून. तोफखान्यातून आलेली माणसं मोठ्यानं बोलतात, आणि घरातले समजतात, चिडलेत.

गावानं त्यांना पहिल्याच सुट्टीत विचारलं होतं, 'किती मारले?' मामा म्हणाले, 'मला काय माहीत? आकडा यायचा, आकडा लावायचा, गोळा जायचा.' ऐकणाऱ्यांची निराशा झाली. पण तोफेचं काम असंच चालतं. पुढे पायदळाबरोबर डोंगरावर बसलेला ओपी, म्हणजे निरीक्षक, शत्रू पाहतो आणि वायरलेसवर ठिकाण कळवतो, मागे गणित होतं, तोफेवरचा माणूस नळी तेवढी वर आणि तेवढी बाजूला करतो. पहिला गोळा कुठे पडला ते पाहून ओपी दुरुस्ती सांगतो. ज्याच्या हातून गोळा सुटतो त्याला बहुधा काहीच दिसत नाही. द्रासला उलट झालं. तोफा इतक्या पुढे आणल्या की टायगर हिल नळीसमोर दिसत होती, आणि तिथून शत्रूलाही तोफा दिसत होत्या. त्या लढाईत भारतीय तोफखान्यानं अडीच लाखांच्या आसपास गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली. टायगर हिल घेतली त्या एका दिवसात नऊ हजार. बोफोर्सचा एक गोळा चाळीस-पंचेचाळीस किलोचा, सिमेंटच्या पोत्याहून थोडाच हलका. दहा हजार फुटांवर, जिथं चालतानाही धाप लागते, तिथं रात्रभर ही पोती कुणीतरी उचलली. टीव्हीवर शिखरावरचा झेंडा दिसला. तो ज्यांनी लावला त्यांचा मान कुणीही कमी करू नये. पण पोती उचलणाऱ्यांचे फोटो कुणाच्या लक्षात आहेत?

बोफोर्स म्हटलं की आपल्याला अजूनही आधी दलाली आठवते आणि मग तोफ. त्यानंतर तोफेचा कारखाना पुन्हा पुणे जिल्ह्यात आला. पाषाणच्या संशोधन संस्थेनं पिनाका रॉकेटं आणि 'एटॅग्स' ही नवी तोफ आखली. 15 ऑगस्ट 2022 रोजी लाल किल्ल्यावरच्या सलामीत पहिल्यांदा या देशी तोफेचा आवाज घुमला. आंबेगव्हाणच्या कारखान्यापासून पाषाणपर्यंत अडीचशे वर्षं गेली.

रेजिमेंटचा सेवा-इतिहास सरकारी कागदांत असतो: साल, ठिकाण, मोर्चा, बदली. तो तिथं सुरक्षित आहे. त्यात नसतं ते तुमच्या घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. '56 एपीओ' असा पत्ता असलेली आंतरदेशीय पत्रं, कडा खाल्लेलं डिस्चार्ज बुक, तोफेला टेकून काढलेला एखादा फोटो. आजोबा गेल्यावर त्या फोटोतला कोण कुठला, ही तोफ कुठल्या हद्दीवरची, हे सांगायला घरात कुणी उरत नाही. या विभागासाठी आमच्याकडे आलेल्या फोटोंपैकी निम्म्याहून अधिक याच कारणानं छापता आले नाहीत.

तेव्हा वाचकहो, भाऊबीजेला घरं भरलेली असतील. जेवणं झाली की ती ट्रंक उघडा. घरातल्या गोलंदाजाशेजारी बसा, जरा मोठ्यानं विचारा, आणि प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहून ठेवा: नाव, रेजिमेंटचा नंबर, साल. पुढच्या अंकासाठी ते फोटो आम्हाला हवे आहेत.