गाडी सजवा, पण समोरच्याचे डोळे दिपवू नका!

नवी सेडान दारात आली की दोन गोष्टी बदलण्याची हौस येते : हेडलाइट आणि अलॉय व्हील. पण दोन्हींचा हिशेब एक नाही.

हेडलाइट : हॅलोजनचा रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेनुसार बनवलेला असतो. त्यात बाजारातला एलईडी बल्ब बसवला की उजेड वाढल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो विखुरतो आणि समोरच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत जातो. ताशी ६० किमी वेगात दोन सेकंद डोळे दिपले, तर तो सुमारे ३३ मीटर आंधळेपणाने पुढे जातो.

चाकं : १८५/६५ आर१५ ऐवजी १९५/५५ आर१६ टायर घातला, तर चाकाचा व्यास जवळपास तेवढाच, ६२१ मिमी राहतो. २०५/६५ आर१५ घातला, तर तो ४ टक्क्यांनी वाढतो आणि मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. टायरची उंची कमी झाली की खड्ड्यात रिम वाकण्याची भीतीही वाढते.

कायदा : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरील मूळ तपशील बदलणारे फेरफार रोखतं. २०१९च्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणून चाकं बदलायची तर कंपनीने सांगितलेल्या मापातच बदला. हेडलाइटला मात्र हात लावू नका. उजेड कमी वाटतोय? आधी पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्या, लेव्हल तपासा. चाकांची हौस तुमच्या खिशाला पडते. हेडलाइटची किंमत समोरचा मोजतो.