रिसीव्हने परत दिलेला आकडा

सी भाषेतले सॉकेट प्रोग्रॅमिंग अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिकांतून काढून टाकावे, असे आता बरेच जण म्हणतात. बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी युनिक्समधून १९८३ साली आलेला हा इंटरफेस आज नोकरीत कोणी थेट हाताळत नाही, लायब्ररीच्या एका ओळीत काम होते, मग मुलांकडून सॉकेट, बाइंड, लिसन, ॲक्सेप्ट ही माळ का जपून घ्यायची, असा त्यांचा सवाल आहे. त्यातला एक भाग मला मान्य आहे. हे प्रात्यक्षिक बऱ्याचदा ज्या रीतीने उरकले जाते, त्या रीतीने ते नसलेलेच बरे. पण दोष शिकवण्यात असताना विषयच गाळायचा, हे मला पटत नाही.

नेहमीचे प्रात्यक्षिक पाहा. क्लायंट आणि सर्व्हर एकाच संगणकावर, दोन खिडक्यांत. एक सेंड, एक रिसीव्ह, समोर ‘हॅलो’ उमटले की आउटपुट जर्नलमध्ये चिकटवायचे. यातून विद्यार्थी नकळत शिकतो की एकदा पाठवले की एकदा पोचते. टीसीपीने असे वचन कधीच दिलेले नाही. टीसीपी बाइटचा क्रम राखते, हरवलेले पुन्हा पाठवते, पण निरोप कुठे संपला हे तिला ठाऊक नसते. लिनक्सच्या लूपबॅकवर एका पाकिटाची मर्यादा ६५,५३६ बाइटची असते, म्हणून तिथे ही चूक सहसा झाकली जाते. साध्या इथरनेटवर ती मर्यादा १,५०० आहे. तिथे ४,००० बाइटचा निरोप किमान तीन तुकड्यांत जातो आणि पलीकडचे पहिले रिसीव्ह १,४६० बाइट घेऊनही परतू शकते. उलट, पाठोपाठ पाठवलेले दोन छोटे निरोप एकत्र चिकटून येऊ शकतात. सेंडने दिलेला आकडाही बाइट पलीकडे पोचल्याची पावती नव्हे. तेवढे बाइट आपल्याच कर्नलने ताब्यात घेतले, एवढाच त्याचा अर्थ.

यावर कोणी म्हणेल, हे पायथनमध्येही शिकवता येईल, तिथेही रिसीव्ह अपुरेच परतते. खरे आहे. पायथनचे सॉकेट मॉड्यूल सीमधल्या याच कॉल्सवर उभे आहे. पण पायथन आलेल्या बाइटची लांबी त्यांच्यासोबत बांधून देते; सीमध्ये ती तुम्हालाच सांभाळावी लागते. रिसीव्ह बफरमध्ये बाइट ओतते आणि एक आकडा परत देते, शेवटी शून्य ठेवत नाही. आकडा न पाहता बफर स्ट्रिंग म्हणून छापला, तर लांब निरोपानंतर आलेल्या छोट्या निरोपाला आधीच्याचे शेपूट चिकटलेले दिसते. मग रिसीव्हआधी दर वेळी मेमसेटने बफर पुसण्याची चाल निघते. तीही १,०२४च्या बफरमध्ये पूर्ण १,०२४ बाइट आले की फसते, कारण शून्याला जागाच उरत नाही. पोर्टचेही तसेच. ८०८० हा आकडा नेटवर्कच्या बाइटक्रमात न फिरवता दिला, तर नेहमीच्या लिटल एंडियन संगणकावर सर्व्हर ३६,८९५ क्रमांकाच्या पोर्टवर जाऊन बसतो आणि तक्रारही करत नाही. अशी एक चूक स्वतः शोधून काढणाऱ्याला बाइट आणि अर्थ यांतले अंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षेचा आहे. २०१४च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही चूक उघड झाली. समोरच्याने मजकूर अमुक लांबीचा आहे असे सांगायचे, प्रत्यक्षात चिमूटभर पाठवायचे, आणि सर्व्हरने उरलेली भरती शेजारच्या मेमरीतून करून परत द्यायची, एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत. सीऐवजी मर्यादा तपासणारी भाषा असती तर ही गळती अडली असती, हे निर्विवाद आहे. नव्या सर्व्हरसाठी तशी भाषा निवडावी, याला माझा विरोध नाही. पण चुकीचे मूळ पाहा: सांगितलेली लांबी आणि खरोखर आलेले बाइट यांची गाठ घातली गेली नव्हती. हा विसर कोणत्याही भाषेत पडतो. चार बाइटच्या शीर्षकात कोणी चार जीबीचा आकडा लिहिला आणि सर्व्हरने विश्वासाने तेवढी मेमरी मागितली, तर सुरक्षित भाषेतला सर्व्हरही कोसळू शकतो. समोरच्याचा शब्द आणि हाती आलेला माल वेगळे मोजायची सवय जिथे मोजणे टाळताच येत नाही तिथे लागते, आणि विद्यार्थ्यासाठी ती जागा म्हणजे सीमधला रिसीव्हचा लूप.

तेव्हा स्लिपवरचा प्रश्न बदला. दोन संगणक केबलने जोडा. निरोपाआधी चार बाइटमध्ये लांबी पाठवायला सांगा आणि क्लायंटने एकेक बाइट थांबून थांबून पाठवला तरी सर्व्हरने निरोप अखंड जुळवावा अशी अट घाला. मग निरोप अर्धा असतानाच क्लायंट बंद करा. रिसीव्ह शून्य परत देईल, आणि त्या शून्यावर सर्व्हर काय करतो ते तोंडी परीक्षेत विचारा.